तळ्याच्या फोटोत माणूस नको

महाडच्या बाजारपेठेतल्या एका अरुंद जिन्याने वर गेले की महिपतीकाकांचा फोटो स्टुडिओ लागतो. पूर्वी तो तळमजल्यावर होता. एकवीस सालच्या पुरात दुकानात छताला हात लागेल इतके पाणी चढले, तेव्हा काका वरच्या मजल्यावर आले ते पुन्हा खाली उतरले नाहीत. जिन्याच्या भिंतीवर त्या पाण्याची मातकट रेघ अजून आहे. त्यानंतर दोनदा भिंती रंगवून घेतल्या, पण दोन्ही वेळा त्यांनी रंगाऱ्याला तेवढी रेघ सोडून रंग द्यायला लावला.

पोटापाण्याचे त्यांचे काम ठरलेले आहे. ओळखपत्रांचे फोटो, लग्ने, बारशी आणि गेलेल्या माणसांचे फोटो. हे शेवटचे काम बहुतेक डोंगरातून येते. कुणी आधार कार्ड आणते, कुणी लग्नाच्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा. काका तो मोठा करतात, डाग काढतात, पुरुषाला कोट आणि बाईला जरीची साडी चढवतात, मागे निळे आकाश भरतात. पोलादपूर तालुक्यात भिंतीवर टांगलेल्या कितीतरी पुरुषांना जन्मात कधी न घातलेला कोट महिपतीकाकांनी मरणानंतर घातला आहे.

दुसरे काम त्यांना कुणी सांगितलेले नाही. गेली पंचवीस वर्षे ते चार जागांचे फोटो वर्षातून चारदा काढत आले आहेत. आपल्याच गच्चीवरून दिसणारी महाडची बाजारपेठ, पुलाच्या कठड्यावरून सावित्रीचे पात्र, माझ्या गावी कापड्याला आमच्या बांधावरून दिसणारी भातशेती, आणि कुडपणच्या कातळी सड्याखाली वरचा कोंड म्हणून जी लहानशी वाडी आहे तिथले तळे. यासाठी त्यांच्याकडे तारखा नसतात. लावणी उरकून माणसे घरी बसली की पहिली फेरी, भात पिवळे पडले की दुसरी. पौषात दरीत धुके धरू लागले की तिसरी. पुढे शेतकरी पालापाचोळा पेटवून राब भाजू लागतात, तो धूर डोंगराच्या कुशीला दिसला की चौथी. जागा तीच, उंची तीच, भिंगही तेच.

"ऋतू हलला पाहिजे, मी नाही," असे ते म्हणत.

आमच्या बांधावर त्यांचे येणे माझ्या शाळेच्या दिवसांपासूनचे. पुढे मी कॉलेजला महाडला आलो, नोकरीसाठी पुण्याला गेलो, आणि गावी जाता-येता त्या जिन्याची पायरी चढण्याची मला सवय लागली. त्यांच्या फोटोंतला एक नियम मला फार उशिरा कळला. त्यांत कुठेही माणूस नसे. कापड्याच्या शेतात कापणी चाललेली असली तरी ते बांधावर बसून राहत आणि माणसे जेवायला उठली की फोटो काढत. बाजारपेठेचा फोटो ते दुकाने उघडण्याआधी घेत. सुरुवातीच्या काळात पुण्याच्या एका कॅलेंडर छापणाऱ्याने त्यांचे एक चित्र परत पाठवले होते. सोबत चिठ्ठी होती: बाई दिसली की लोक बाईकडे बघतात, तळ्याकडे कोणी बघत नाही. काकांनी ती चिठ्ठी फेकली नाही. तिचा नियम केला. पुढे त्यांची चित्रे छापली गेली, दवाखान्यांत आणि पतपेढ्यांत लागली, आणि नियम पक्का झाला.

एका पौषात मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून वरच्या कोंडाला गेलो होतो. तळे मोठे नाही. एका बाजूला जांभळाचे झाड, त्याच्याखाली काळ्या दगडांची ओळ. त्या वाडीत धुण्याचा दगड ज्याचा त्याचा असतो. सासूचा दगड सुनेकडे येतो, आणि दुसऱ्या बाईने त्यावर धुणे आपटले तर दोन दिवस बोलणी ऐकावी लागतात. जांभळाच्या बुंध्याजवळचा दगड बनुबाईंचा होता. त्या साठीकडे झुकलेल्या, काटक, कमरेला पदर खोचलेल्या बाई होत्या. आम्ही आलो तेव्हा त्यांचा निम्मा पिळा व्हायचा होता.

"सरा गो सगळ्या," त्यांनी मागून हंडे घेऊन आलेल्या बायकांना हाक दिली, "महिपतीभाऊ आले. तळ्याचा फोटू हाय, तुमचा नाय."

"तू कशाला बसलीयस मग?" एकीने विचारले.

"उठत्ये ना. मी काय फोटूत जायला बसलेय?" बनुबाईंनी पिळा खांद्यावर टाकला. दगडावरून पाण्याचे ओघळ तळ्यात उतरत होते. त्या येऊन आमच्या मागे उभ्या राहिल्या. समोरून एक म्हैस पाण्यात शिरू पाहत होती, तिच्यावरही त्यांनी एक खडा भिरकावला. मग काकांना म्हणाल्या, "भाऊ, एवढी वर्सं इचारीन म्हनते. तळ्याला काय लाज वाटते मानसांची?"

काका कॅमेऱ्यातून डोळा न काढता हसले. "तळ्याला नाय, वयनी. कॅलेंडरवाल्यांना."

"मग त्यांच्या घरची धुनी तळ्यालाच धुवायला सांगा म्हनावं."

आम्ही तिघेही हसलो. काकांनी कळ दाबली. उजेड तपासण्यासाठी ते पोचल्याबरोबर एक फोटो काढत. त्यात बनुबाई दगडावर बसलेल्या होत्या. परत निघण्याआधी त्यांनी तो पुसून टाकला. दरवेळी पुसत असत.

पुढे वाडीत नळ आले. बायका घराशी धुऊ लागल्या आणि दगडांची ओळ ओस पडली. बनुबाई मात्र तळ्यावर जात राहिल्या. नळाच्या पाण्याने कपडे स्वच्छ होत नाहीत असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे यजमान भागोजीआबा सांगत की तिला तिथे एकटीने बसायला आवडते, कपडे हे निमित्त.

तेवीस सालच्या कार्तिकात तापाचे निमित्त होऊन बनुबाई वारल्या. काकांना हे कळले ते पौषात, नेहमीच्या फेरीला गेल्यावर. तळ्यावर कोणी नव्हते. कुणाला सरा म्हणावे लागले नाही. फोटो काढून ते आबांच्या पडवीत थोडा वेळ बसले आणि चहा न घेता उतरले. त्यांनी मला फोनवर एवढेच सांगितले.

त्यानंतरच्या आश्विनात मी जमिनीच्या काही कागदांसाठी महाडला आलो होतो. दुपारी स्टुडिओत बसलो असताना तिशीतली एक बाई जिना चढून आली. भागोजीआबांची मुलगी वैशाली. लग्न होऊन विरारला असते, एका दवाखान्यात कामाला आहे. भाऊ नाही, ही एकटीच.

"काका, ओळखलंत का?"

"बनुवयनींची तू. ये, बस."

ती बसली नाही. "आईचं वर्षश्राद्ध आहे कार्तिकात. भिंतीला लावायला फोटो पाहिजे."

"आधार कार्ड आणलंयस? चेहरा चांगला असेल तर—"

"आधारचा नको. त्यात आई पकडून आणल्यासारखी दिसते. आणि माझ्या फोनमध्ये तिचा एक फोटो धड नाही. फोन समोर धरला की पदर तोंडावर. माझ्या लग्नाच्या अल्बमातसुद्धा ती स्वयंपाकाकडेच होती. मला तुमच्याकडचा पाहिजे. तळ्यावरचा."

काकांनी हातातला फडका टेबलावर ठेवला.

"तुम्ही आलात की ती त्या दिवशी मला फोन करायची," वैशाली म्हणाली. "आज महिपतीभाऊ येऊन गेले म्हणून. वर्षातून चार वेळा, अगदी न चुकता. म्हणजे तुमच्याकडे तिचे ढीगभर फोटो असणार. त्यातला एक, जिथे ती दगडावर बसलीय. साडी धुवट असली तरी चालेल. कोट-बिट, जर-बिर काही घालू नका."

काकांनी फडक्याची घडी घातली. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

"बघतो," ते म्हणाले. "जुनं आहे सगळं. आठ दिवस दे."

"शोधून ठेवा. बाबांना सांगितलंय मी, फोटो येतोय म्हणून. ते रोज विचारतात."

ती गेल्यावर काकांनी जिन्याचे दार लोटून घेतले.

खरे सांगून मोकळे का झाला नाहीत, असे मी विचारले असते तर त्यांच्याकडे उत्तर होते. त्यांना आशा होती. एखाद्या फोटोत कडेला पदर राहिला असेल, जांभळाआड पाठ राहिली असेल. पहिल्या आठ वर्षांच्या निगेटिव्ह पुरात एकमेकींना चिकटून त्यांची लादी झाली होती, तेव्हा शोधायचे ते त्यानंतरचे. हार्ड डिस्कवर तळ्याचे अडुसष्ट फोटो निघाले. माझे कागद तलाठ्याकडे अडकले होते. दोन दिवस आम्ही दोघे पडद्यासमोर बसून एकेक फोटो मोठा करत, डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्याकडे बोटाबोटाने सरकत गेलो. धुके होते, पाण्यात पडलेले जांभूळ होते. एका वर्षी सात वर्षांनी फुललेली कारवी पलीकडच्या उतारावर जांभळी पसरली होती. एका फोटोत बगळा होता. माणूस नव्हता. पंचवीस वर्षांची त्यांची शिस्त निर्दोष होती.

तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा पडद्यावर बनुबाई होत्या. जांभळाखाली, आपल्या दगडावर, धुणे पिळत बसलेल्या. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. काकांनी नदीच्या घाटावरची कुणी दुसरी बाई तिथे आणून बसवली होती आणि तिला आधार कार्डावरचा चेहरा लावला होता. तो फोटो त्यांनी कुठून मिळवला हे मी विचारले नाही. वाडीतल्या निम्म्या घरांचे फोटो त्यांच्याच संगणकावर होते. डोळ्यांतली भीती त्यांनी काढली होती. पाण्यातले प्रतिबिंबसुद्धा घातले होते.

"वाटतं का खरं?" त्यांनी विचारले.

"कुणालाही वाटेल."

"वैशालीला?"

"तिलाही."

"बनुवयनी डावखुऱ्या होत्या. ही उजव्या हाताने पिळतेय." त्यांनी चित्र आरशातल्यासारखे उलटे केले, बाई डावखुरी झाली. ते तिच्याकडे पाहत राहिले. खाली बाजारात भाजीवाल्यांची ओरड चालू होती.

"पंचवीस वर्षं उठवलं," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि आता बसवतो."

त्यांनी ते चित्र पुसले. मग छपाईचा कागद मोजून घेतला आणि अडुसष्टच्या अडुसष्ट फोटो, होते तसे, वहीच्या आकारात छापायला लावले.

आठवड्याने, दिवाळीच्या सुट्टीत वैशाली वाडीत आली तेव्हा आम्ही वरच्या कोंडाला गेलो. काकांनी मला बरोबर चल म्हटले नव्हते; मोटरसायकलला किक मारून ते माझी वाट पाहत थांबले, एवढेच. भागोजीआबांच्या पडवीत आबा होते, वैशाली होती, आणि त्यांच्या भावकीतले हैबतीतात्या पान कुटत बसले होते. तात्या ऐंशीचे असतील. वाडीतले दिवस-कार्य त्यांच्याशिवाय होत नाही.

काकांनी चप्पल काढली, पण बसले नाहीत. पुडके हातात धरून म्हणाले, "वैशाली, यात तुझी आई नाही. एकातही नाही. मी फोटो काढायच्या आधी त्यांना उठवायचो."

वैशालीला पहिल्यांदा कळले नाही. "उठवायचो म्हणजे?"

"म्हणायचो, जरा सरा. सगळ्याच बायकांना. मग त्याच मला मदत करायला लागल्या. माझ्या मागे उभ्या राहायच्या."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"पंचवीस वर्षं ती तुमच्यासाठी हातातलं काम टाकून उठली?" तिचा आवाज चढला नव्हता. "आणि तुम्हाला एकदासुद्धा वाटलं नाही, की हिचा एक काढावा?"

"नाही वाटलं," काका म्हणाले.

तात्यांचा खलबत्ता थांबला होता. वैशाली उठून आत गेली आणि दारातूनच परत फिरली. "ती फोन करायची तेव्हा मी विचारायचे, चांगली साडी नेसली होतीस का गो? नुसती हसायची. मला वाटायचं, लाजतेय."

काकांनी पुडके पडवीच्या कठड्यावर ठेवले आणि ते निघण्यासाठी वळले. तेवढ्यात भागोजीआबांनी हात पुढे केला.

"आनलंयस तर बघू दे."

त्यांनी चष्मा लावला आणि फोटो सारवलेल्या जमिनीवर एकेक करून मांडायला सुरुवात केली. मध्येच पंधराएक उचलून बाजूला टाकले. "हे पावसातले. ह्यात सगळंच वलं, ह्यात काय कळत नाय." उरलेल्यांपैकी एक त्यांनी डोळ्यांजवळ नेला. जरा वेळाने जांभळाखाली बोट ठेवले.

"हा बघ."

"काय, बाबा?" वैशाली तशीच उभी होती.

"आपला दगड. बाकीचे सुके हायत, पांढुरके. ह्यो काळा. वला हाय." त्यांनी दुसरा उचलला. "हितं बी. हितं तर पार खालपर्यंत वल गेलीय, त्या दिवशी गोधड्या असतील. ह्यो पौषातला. गोधड्या ती पौषातच काढायची." तिसरा. "ह्यात थोडंच. नुकती बसली असल, तवरच उठवली ह्यानं."

वैशाली खाली बसली. काका परत फिरले आणि उंबऱ्याशी उकिडवे बसून फोटोंकडे पाहू लागले. ते अडुसष्ट फोटो त्यांनी दोन दिवस पडद्यावर मोठे करून पाहिले होते. मीही पाहिले होते. आम्ही माणूस शोधत होतो. नळ आल्यापासून बाकी साऱ्या दगडांवर ऊन कोरडे पडले होते, आणि जांभळाखालचा तो एकच दगड, वर्षामागून वर्षे, काळा चमकत होता. काहींत तर दगडाच्या टोकाला लोंबणारा थेंबसुद्धा आला होता.

आबांनी शेवटचे तीन फोटो हातात घेतले. गेल्या पौषातला, त्यानंतरचा राब भाजणीचा, आणि या आश्विनातला. ते त्यांनी फार वेळ पाहिले नाहीत.

"ह्यात सुका," ते म्हणाले, आणि ते तिन्ही उपडे ठेवले.

वैशालीने पदराने नाक पुसले. राग गेला नव्हता. तो कुठे ठेवावा हे तिला कळत नसावे. "बाबा, सगळं खरं. पण भिंतीला काय लावू मी? दगडाला हार घालू?"

"का गो?" हैबतीतात्या म्हणाले. "धाव्याला समद्यांनी पानी कुनाला घातलं? तू कुनाला घातलंस?"

वैशालीने तात्यांकडे पाहिले.

"दगडालाच ना? मसनातला जीवखडा आनला, धा दिवस तीच तुजी आय म्हनून मांडला, तिलांजली दिली, मग पान्यात सोडला. तवा तू इचारलंस नाय, तात्या, हितं आय कुठं हाय. रडलीस की नाय त्याच्याम्होरं?"

"रडले," वैशाली म्हणाली.

"मग. ह्यो तर तिचा सोताचा दगड. सासूनं दिलेला." तात्यांनी पुन्हा बत्ता हातात घेतला. "आनि तुला काय जरीची साडी पायजे असल तर ती बी ह्यो महिपती घालील दगडाला. त्याचा धंदाच हाय."

आबा हसले. वैशालीलाही हसू आले आणि ते आल्याबद्दल ती बापाच्या खांद्यावर कपाळ टेकून पुष्कळ रडली. काका तसेच बसून होते. तिने निवडलेला फोटो पौषातला होता, गोधड्यांचा. मागे धुके, पुढे पाणी, जांभळाखाली काळा झालेला दगड आणि त्यावरून तळ्यात उतरलेला एक ओघळ. त्याच्या मागच्या बाजूला काकांच्या अक्षरात तारीख होती. तो मी गेलो होतो त्या दिवसाचा असावा असे मला वाटले. मी विचारले नाही.

"खाली नाव घाला," वैशाली काकांना म्हणाली. "बाकीच्यांच्या फोटोला घालता तसं. जन्मतारीख माहीत नाही."

वर्षश्राद्धाला आम्हा दोघांना बोलावणे होते. त्या दिवशी काकांच्या खांद्याला कॅमेरा नव्हता. वरच्या कोंडाच्या वाटेवर मी त्यांना तसे प्रथमच पाहिले. पडवीच्या आतल्या भिंतीवर, सासू-सासऱ्यांच्या फोटोंच्या शेजारी, तळे टांगले होते. त्याला झेंडूचा हार होता. खाली काळ्या अक्षरांत लिहिले होते: कै. सौ. बनुबाई भागोजी. हार वैशालीने जरा वर घेतला होता, जांभळाखालची बाजू झाकली जाऊ नये म्हणून.

मुंबईहून माणसे आली होती. जेवणाची पंगत बसली तेव्हा बनुबाईंचा भाचा रितेश भिंतीसमोर बसला होता. तो ठाण्याला गाडी चालवतो. गेल्या वर्षी त्याला यायला जमले नव्हते. हात धुऊन आलेला तो बराच वेळ त्या फोटोकडे मान वाकडी करून पाहत होता.

"आबा," त्याने शेवटी विचारले, "फोटो एकदम मस्त आहे. पण यात आत्या कुठाय?"

पंगतीतली बोलणी जराशी मंदावली. वैशाली वाढता वाढता थांबली. भागोजीआबांनी भातातून बोट काढले, वळून भिंतीकडे पाहिले, आणि परत पानाकडे वळले.

"हितंच होती," ते म्हणाले. "आत्ताच उठली, वाळत घालायला."

रितेशने मान हलवली आणि भात कालवायला घेतला. महिपतीकाका माझ्या शेजारी होते. हातातला घास त्यांनी तसाच धरून ठेवला होता.